आमची मेलेली पोरं कोणत्या रकान्यात?



भाताची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. आपल्या एका पाड्यावर दोन बाया आणि एक बाप्या चालत आले. खांद्याला पिशव्या, हातात फॉर्मांचे गठ्ठे. खळ्यावरच्या पोरांनी लांबून बघितलं आणि आरोळी दिली, "मोजणीवाले आले!" झालं. निम्मे बाप्ये खळं टाकून डोंगराला लागले. घरात राहिल्या म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. आलेली माणसं फॉरेस्टची नव्हतीच. आरोग्याच्या सर्व्हेची होती. किती मुलं झाली, किती जगली, बाळंतपण कुणी केलं, पाणी कुठून आणता, असं विचारायला आली होती. पण मोजणी म्हटली की आपल्याला टेप दिसते आणि प्लॉटात खणलेला चर दिसतो.

यात पोरांची काही चूक नाही. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं पत्र काढलं की नियमात न बसणारी सगळी अतिक्रमणं ३० सप्टेंबरपर्यंत हटवा. तो पावसाळा आपण कसा काढला ते सगळ्यांना माहीत आहे. अशा वर्षी कुणी फॉर्म घेऊन दारात उभं राहिलं तर माणूस पळणारच.

त्यानंतरच्या बैठकीत यावर चांगलंच वाजलं. काही जण म्हणाले, या सर्व्हेवाल्यांना पाड्यात शिरूच द्यायचं नाही. पोरं मरतात हे आपल्याला माहीत आहे, सरकारला माहीत आहे, मोजून काय जिवंत होणार आहेत? म्हाताऱ्यांनी १९७६ सालची नसबंदीची धरपकड आठवली. तेव्हा पण आधी नावं लिहून नेली आणि मागून गाडी आली, असं ते सांगतात. एका बाईनं सांगितलं, माझ्या बोटाला टोचून रक्त घेतलं, वर्ष झालं, काय निघालं ते कोणी सांगायला आलं नाही. हे सगळे मुद्दे खरे आहेत. तरी आमचं मत असं झालं आहे की सर्व्हेला हाकलून आपला तोटाच होईल. तो का, हे सांगायला या अंकात जास्त पानं घेतली आहेत. कोणाला पटलं नाही तर पुढच्या बैठकीत बोलावं.

आधी सर्व्हे म्हणजे काय ते बघू. जनगणनेत घर न घर मोजतात. सर्व्हेत तसं नसतं, तिथे शितावरून भाताची परीक्षा असते. आपली बाई मडक्यातलं एक शीत दाबून बघते आणि सांगते, शिजला. तिला सगळा भात चावून बघावा लागत नाही. सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी अशीच होते. पहिली १९९२-९३ साली झाली, दुसरी १९९८-९९ साली. मुंबईत देवनारला एक लोकसंख्येच्या अभ्यासाची मोठी संस्था आहे, ती हे काम सांभाळते. शंभर कोटींच्या देशात दुसऱ्या पाहणीत सुमारे ९० हजार बायांना विचारलं. बायांची आणि लहान पोरांची वजनं केली, बोटाला टोचून रक्त बघितलं. एवढ्यावरून देशाचं काय चाललंय ते कळतं का? कळतं. ही फसवाफसवी नाही, हिशोबाचं शास्त्र आहे, आणि नीट केलं तर ते खरं निघतं.

पण चुलीवर दोन मडकी असली तर? एकात भात आहे, दुसऱ्यात नागलीची आंबील. भाताचं शीत दाबून आंबील झाली का ते कसं कळणार? आपला सगळा वाद इथे आहे.

२००२ सालीच केंद्र सरकारनं नवं राष्ट्रीय आरोग्य धोरण आणलं. याआधीचं १९८३ सालचं होतं. पुढच्या काळात दवाखाने कुठे, डॉक्टर किती, पैसा कशावर, हे तेव्हा या धोरणावरून ठरणार होतं. ते आम्ही मिळवून वाचलं. चांगली गोष्ट ही की ते हवेत लिहिलेलं नाही. सर्व्हेंचे आकडे समोर ठेवून लिहिलं आहे. त्यात एक तक्ता आहे, आणि त्या तक्त्यात आपण आहोत. जन्मलेल्या हजार पोरांपैकी वर्षाच्या आत तेव्हा किती मरत होती? देशाचा आकडा ७०. अनुसूचित जमातींचा, म्हणजे आदिवासींचा, ८४.२. दलित, आदिवासी आणि मागास सोडून जे 'इतर' त्यांचा ६१.८. पाच वर्षांच्या आत हजारात किती मरत होती? आदिवासींची १२६.६, इतरांची ८२.६. वजनानं कमी भरणारी पोरं तेव्हा देशात शंभरात ४७, आदिवासींत ५५.९. म्हणजे सरकारनं आपल्या तोंडानं कबूल केलं आहे की आदिवासीच्या घरी जन्मलं तर मरायची भीती जास्त. हा कागद सांभाळून ठेवण्यासारखा आहे. उद्या कोणी साहेब म्हणाला की तुमच्याकडे पोरं मरतात ती अंधश्रद्धेनं मरतात आणि बाकी सगळं ठीक आहे, तर त्याला सरकारचाच तक्ता दाखवता येईल.

आता पुढचं बघा. याच धोरणात पुढे उद्दिष्ट दिलं होतं: २०१० पर्यंत देशाचा बालमृत्यूचा आकडा ३० वर आणायचा. देशाचा, म्हणजे सगळ्यांचा मिळून. आदिवासींचा किती खाली आणायचा, ते वेगळं लिहिलेलं नाही. आम्ही पाटीवर हिशोब मांडला. तुम्हीही मांडा, शाळेतल्या पोराला सुटेल असा आहे. देशात १००० पोरं जन्मली असं धरा. त्यातली साधारण ८० आदिवासींच्या घरची, कारण लोकसंख्येत आपण शंभरात आठ. आपला आकडा तेव्हा होता तिथेच राहिला, ८४ वर, तर या ८० मधली सुमारे ७ मरतील. बाकीच्या ९२० पोरांपैकी २३ मेली, म्हणजे त्यांचा आकडा हजारी २५ वर आला, तर एकूण झाले ३०. उद्दिष्ट पुरं! दिल्लीत पेढे वाटले जातील. आणि आपलं एकही पोर जास्त वाचलेलं नसेल.

असं कोणी मुद्दाम करेल असं आम्ही म्हणत नाही. पण साहेबाला जिथे आकडा खाली आणायचा असतो तिथे तो सोप्या वाटेनं जातो. रस्त्याकडेच्या गावात नर्सबाई पाठवणं सोपं. नदी ओलांडून, दोन तास चढून आपल्या पाड्यावर पाठवणं अवघड. सरासरी दोन्हीकडून खाली येते, मग अवघड वाट कोण धरेल?

महाराष्ट्राचं बघा. त्याच धोरणात राज्यांची तुलना आहे. तेव्हा केरळ १४, महाराष्ट्र ४८, ओरिसा ९७. ४८ म्हटल्यावर मुंबईचा मंत्री छाती काढून सांगायचा की आम्ही देशाच्या पुढे आहोत. त्या ४८ मध्ये मुंबई आहे, पुणे आहे, ऊसवाल्यांची गावं आहेत आणि जव्हार-मोखाडा, धडगाव, मेळघाट, भामरागडही आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं मेली तेव्हा मुख्यमंत्री येऊन गेले, पेपरात फोटो आले. त्या साली राज्याची सरासरी काढणाऱ्याला वावर-वांगणी दिसलं असतं का? नसतं. मडकं मोठं, शीत लहान.

यावर सरकारी माणूस म्हणतो, प्रत्येक तालुक्याचा वेगळा आकडा काढायचा तर सर्व्हे फार मोठा करावा लागेल, पैसा कुठून आणायचा? ही अडचण खरी आहे. पण आम्ही एक गोष्ट विचारतो. याच १९९८-९९ च्या पाहणीत मुंबई शहराचा आकडा वेगळा काढला आहे, आणि मुंबईतही झोपडपट्टीचा वेगळा आणि बाकीच्या वस्तीचा वेगळा. त्यासाठी तिथे मुद्दाम जास्त घरं घेतली. झोपडपट्टीतल्या माणसांचं दुखणं सरासरीत बुडू नये म्हणून केलं, बरं केलं. मग सह्याद्री आणि सातपुड्यातल्या आदिवासी तालुक्यांचा गट करून तिथे जास्त घरं का घेता येणार नाहीत? शास्त्र तेच, फॉर्म तोच. 'अनुसूचित जमाती' या एका रकान्यात मिझोरामचा शिकलेला मिझो आणि आपला कातकरी एकत्र कोंबले तर दोघांचंही खरं कळत नाही.

एवढं झालं सरकारचं. आता आपल्या घरातलं बोलू, कारण मेलेलं पोर कागदावर येत नाही यात थोडा हात आपलाही आहे.

त्याच पाड्यावर सर्व्हेवालीनं एका बाईला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, तीन. आम्ही शेजारी बसलो होतो. आम्हाला माहीत होतं की तिला पाच झाली होती. एक तिसऱ्या दिवशी गेलं, दुसरं रडलं आणि संध्याकाळी गेलं. नंतर विचारलं तर म्हणाली, त्यांची नावं पण ठेवली नव्हती, ती कशाला सांगू? तिचं म्हणणं आम्हाला तोडता येईना. पण फॉर्मवर प्रश्न असतो, की रडलं किंवा थोडी हालचाल केली आणि काही तासांत, काही दिवसांत गेलं असं कोणी होतं का? तो प्रश्न मुद्दाम घातलेला आहे, कारण आई अशी पोरं सांगत नाही हे सर्व्हे करणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी सर्व्हेवालीनं तो विचारलाच नाही. तिला संध्याकाळची एसटी गाठायची होती. असे दोन जीव त्या दिवशी हिशोबातून गेले. एसटी मात्र मिळाली.

दुसरं, आपण जगायला जातो. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर, रेतीवर. घराला ताटी बांधलेली. सर्व्हेवाला लिहितो, घर बंद. भट्टीवर पोर मेलं तर तिथली ग्रामपंचायत म्हणते, तुम्ही इथले नाही. गावी आल्यावर ग्रामसेवक म्हणतो, इथे मेलं नाही. खरं तर जिथे मरण झालं तिथेच त्याची नोंद व्हायला पाहिजे, १९६९ चा कायदा तसा आहे, आणि २१ दिवसांच्या आत केली तर पैसा लागत नाही. पण भट्टीवरच्या माणसाला हे कोण सांगणार? शेठ? शेठला तर ते मरण आपल्या भट्टीवर नकोच असतं.

मोजून काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी गडचिरोलीचं सांगतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था तिथे १९८६ पासून आहे. त्यांनी आधी मोजलं. गावातलाच माणूस प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण लिहायचा, आणि दर सहा महिन्यांनी दुसरं कोणी घरोघर जाऊन सुटलेलं शोधायचं. मोजल्यावर दिसलं की मरणारी बरीच पोरं पहिल्या महिन्यातच मरतात, घरातच, डॉक्टरचं तोंड न बघता. तेव्हा हा आकडा हजारी ६२ च्या आसपास होता. मग ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, श्वास लागला तर काय करायचं, जंतुदोषाची खूण कोणती, इंजेक्शन कधी द्यायचं. तीन वर्षांत आकडा २६ च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे केलं नव्हतं तिथे तसा उतरला नाही, हेही मोजलं होतं, म्हणून कोणाला नाकारता आलं नाही. १९९९ साली हे 'लॅन्सेट' नावाच्या विलायती डॉक्टरी मासिकात छापून आलं. कमी शिकलेली बाई इंजेक्शन देते, असं नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी हाकलून दिलं असतं. आकड्यापुढे त्यांना बसून ऐकावं लागलं.

पुढे राज्यातल्या तेरा संस्थांनी आपापल्या भागात असंच मोजलं. २००१ साली 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल आला. सरकारच्या दप्तरात लिहिलेले बालमृत्यू हे खऱ्या बालमृत्यूंचा थोडासाच भाग आहेत, असं त्यातून निघालं. सरकारी खोटं कसं तयार होतं हे आपण प्लॉटांच्या बाबतीत बघितलं आहे. वरून विचारतात, तुझ्या हद्दीत किती मेले? जास्त सांगितले तर नर्सबाईलाच नोटीस. मग ती कमी लिहिते. आम्ही तिला एकटीला दोष देत नाही.

आता जमिनीचं. ही गोष्ट फॉर्म वाचताना आमच्या ध्यानात आली आणि आमचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. आरोग्याच्या पाहणीत घराबद्दल विचारतात. घर कुडाचं की पक्कं, सायकल आहे का, रेडिओ आहे का, मालकीची शेतजमीन किती. आपला माणूस काय सांगणार? त्याचे आईबाप कसत होते तो प्लॉट तो आज कसतो, दंड भरतो, पावती सांभाळतो, पण सातबारा नाही. सर्व्हेवाली विचारते, नावावर आहे का? नाही. ती लिहिते, जमीन नाही. सातबारावाला कुणबी एका रकान्यात, आणि ज्याचा प्लॉट आहे तो, ज्याचा फॉरेस्टनं काढून घेतला तो, ज्याला कधी नव्हताच तो, असे तिघे दुसऱ्या एका रकान्यात. मग प्लॉट गेल्यावर घरातली नागली किती महिने पुरते, बाळंतीण कितव्या दिवशी भट्टीवर जाते, पोराचं वजन किती घटतं, हे त्या पाहणीतून कधीच निघणार नाही. आपल्याला डोळ्यानं दिसतं. ज्या वर्षी रोपं उपटली त्या वर्षी कोणाच्या घरी काय झालं ते पाड्यात सगळ्यांना माहीत असतं. पण आरोग्य धोरण लिहिणाऱ्याच्या टेबलावर त्याचा कागद नाही. तो कागद पोचला नाही तोवर त्याचा उपाय गोळ्या आणि खिचडीच राहणार.

आणि उलटंही आहे. आजारपण जमीन खातं. सरकारच्याच १९९५-९६ च्या नमुना पाहणीतून दिसलं की दवाखान्यात भरती झालेल्या दहातल्या चार जणांनी कर्ज काढलं किंवा काहीतरी विकलं. आपल्याकडे विकायला काय असतं? बैल. नाहीतर सावकाराकडे दळी गहाण. पोटाच्या एका ऑपरेशनला गेलेली दळी सोडवायला दोन पिढ्या लागलेल्या आम्ही बघितल्या आहेत.

तेव्हा आमची मागणी अशी. पुढच्या पाहणीत आदिवासी तालुक्यांची घरं मुद्दाम जास्त घ्या, मुंबईच्या झोपडपट्टीसारखी. जमिनीच्या प्रश्नात 'कसतो पण नावावर नाही' असा रकाना घाला. धोरणात आपल्या पोरांचं उद्दिष्ट वेगळं लिहा. आणि आकडे आमच्या ग्रामसभेत येऊन वाचा. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला मान दिला आहे, तो रक्ताच्या रिपोर्टाच्या वेळी पण द्या.

पण नुसती मागणी करून बसलो तर पुढची पाहणी येईल आणि जाईल. इथे आम्हाला ऑक्टोबर २००२ चा राज्य सरकारचा जीआर उपयोगी वाटतो. अतिक्रमणांचे दावे तपासायला गावपातळीवर समिती करायची आणि कागद नसेल तिथे इतर पुरावाही बघायचा, हे आपण लढून त्यात घालून घेतलं. म्हातारा गावापुढे उभा राहून सांगतो, हा बांध याच्या बापानं घातला, मी तेव्हा गुरं राखत होतो. ती साक्ष धरतात. मरणाचंही तसंच करता येतं. डॉक्टरांनीही ही रीत मानली आहे. मेलेल्या पोराच्या आईला विचारायचं, ताप होता का, छाती उडत होती का, दूध कधी सोडलं, अंग गार पडलं होतं का, आणि त्यावरून मरणाचं कारण ठरवायचं. गडचिरोलीतही कारणं अशीच काढली. आईची साक्ष हाच पुरावा.

संघटनेनं गावागावांत प्लॉटांच्या याद्या केल्या. कोणाचा प्लॉट, किती एकर, कधीपासून, सगळं वहीत आहे. मेलेल्या पोरांची एकही यादी आपल्याकडे नाही. वीस वर्षं आपण आरोग्य हा सरकारचा विषय आणि जमीन हा आपला विषय असं धरून चाललो. ते आमचं चुकलं.

शिमग्याला जगायला गेलेली माणसं परत येतील. तेव्हा प्रत्येक पाड्यानं एक वही करावी. मागच्या शिमग्यापासून या शिमग्यापर्यंत कोणाच्या घरी जन्म झाला, कोण मेलं, किती दिवसांचं किंवा किती वयाचं, पाड्यावर की भट्टीवर, दवाखान्यात नेलं होतं का, नेलं तर झोळीतून किती तास लागले, आणि त्या घराचा प्लॉट चालू आहे की काढलेला. काही म्हातारे म्हणाले, मेलेल्यांची नावं लिहून ठेवणं बरं नाही. मग नाव लिहू नका, घर आणि महिना लिहा. विचारायचं काम बायांनीच करावं, सुईण बरोबर असेल तर उत्तम, आणि जे रडून लगेच गेलं त्याचं पण विचारावं, घाई न करता. कोणाला सांगायचं नसेल तर ओढून घेऊ नये. ज्या पाड्यात लिहिणारं कोणी नाही तिथे आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या पोरींना धरावं.

सर्व्हेवाले आले तर पळू नका. आधी त्यांचं ओळखपत्र बघा, कशाचा सर्व्हे आहे, आकडे कोणाला देणार, ते विचारा, आणि फॉर्मवरचा एकही प्रश्न गाळू देऊ नका. संध्याकाळची एसटी चुकली तर भाकरी आणि झोपायला जागा आपण देऊ. वह्या १ मेच्या ग्रामसभेच्या आठ दिवस आधी तालुक्याच्या बैठकीत आणाव्यात, म्हणजे तिथे बेरीज करून ग्रामसभेत वाचता येईल.